रहस्यकथेची साक्ष नीट नोंदवा

एदोगावा राम्पो या लेखकाच्या नावाने जपानमध्ये १९५५ साली एक पुरस्कार सुरू झाला. रहस्यकादंबरी लिहिणाऱ्या नव्या लेखकाला आज तो मिळतो आणि तिकडे त्याचा मोठा मान आहे. पण पहिली दोन वर्षं तो एकाही कादंबरीला दिला गेला नव्हता. पहिल्या वर्षी तो मिळाला कावातारो नाकाजिमा या समीक्षकांना, त्यांच्या रहस्यकथा-कोशासाठी. दुसऱ्या वर्षी हायाकावा या प्रकाशनसंस्थेला, परदेशी रहस्यकथांच्या अनुवादांची खिशात मावणारी मालिका चालवल्याबद्दल. तिसऱ्या वर्षी, १९५७ साली, नियम बदलले आणि पुरस्कार एत्सुको निकी यांच्या कादंबरीला मिळाला. मणक्याच्या क्षयामुळे लहानपणीच पाय निकामी झालेल्या, शाळेत न जाता घरीच शिकलेल्या या बाई. त्यांची ती कादंबरी धडाक्याने खपली.

आधी समीक्षक, मग अनुवादांचा प्रकाशक, मग नवी लेखिका. हा क्रम मला योगायोगाचा वाटत नाही. रहस्यकथांवर जिथे कोणी नीट लिहितं आणि परमुलखातल्या रहस्यकथा जिथे नीट आणल्या जातात, तिथेच नव्या लेखकाला पाय रोवायला जागा मिळते. मराठीत पहिली दोन कामं करू शकतील अशी माणसं आहेत. त्यांच्याकडून ती करून घेणारं कोणी नाही, अशी माझी तक्रार आहे.

मी आयुष्यभर काटोलच्या कोर्टात नोकरी केली, बेंच क्लर्क म्हणून. दोषारोपपत्रं, पंचनामे, मुद्देमालाच्या याद्या, फितूर झालेले साक्षीदार, तारखांवर तारखा हे माझं रोजचं जग. निवृत्त झाल्यावर वाचनाची जुनी आवड मोकळी झाली आणि आता एका पुरवणीत अधूनमधून पुस्तकांवर लिहिते. जपानी रहस्यकादंबऱ्यांची गोडी भाच्याने लावली. तो पुण्यात जपानी शिकला आणि तिथल्याच एका कंपनीत दुभाषा आहे. मी इंग्रजीतून वाचते, तो मूळ जपानीतून वाचतो आणि मग फोनवर आमची जुगलबंदी चालते.

कोर्टात काम करताना एक गोष्ट मला कायम खटकत आली. साक्षीदार बोलतो एका भाषेत आणि कागदावर त्याचा जबाब उतरतो दुसऱ्याच भाषेत. आमच्याकडचा शेतकरी पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, "म्या त्याले धुऱ्यावरून जाताना पायलं न जी." पोलिसांच्या जबाबात मात्र तो म्हणालेला असतो, "समक्ष विचारल्यावरून सांगतो की, सदर इसम शेताच्या बांधावरून जाताना मी पाहिला." माहिती तीच असते, चूक काढायला जागा नसते. पण त्यातला 'धुरा' गेलेला असतो, ज्याच्यावरून दोन घरांत तीन पिढ्या वैर आहे. 'जी' गेलेला असतो, ज्यातून तो माणूस न्यायाधीशांपुढे किती दबलेला आहे हे कळत होतं. काटोल, नरखेड, पांढुर्णा, कळंब कुठलाही साक्षीदार असो, जबाबांच्या फायलीत सगळे एकाच आवाजात बोलतात. चांगला वकील म्हणून तर साक्षीदाराला पुन्हा त्याच्या बोलीत बोलतं करतो, कारण खरं-खोटं तिथेच उघडं पडतं.

जपानी कादंबरी आपल्यापर्यंत इंग्रजीतून पोचते, तेव्हा तिची तीच गत होते. आणि तिच्यावरून पुन्हा मराठी केली तर जबाबाचाही जबाब होतो.

सेइचो मात्सुमोतो यांची 'इन्स्पेक्टर इमानिशी इन्व्हेस्टिगेट्स' या नावाने इंग्रजीत आलेली कादंबरी बघा. मूळ जपानीत ती १९६० च्या सुमाराला क्रमशः आली, बेथ कॅरी यांचा इंग्रजी अनुवाद १९८९ चा. टोकियोच्या रेल्वे यार्डात एक प्रेत सापडतं. मृत माणूस आदल्या रात्री जवळच्या बारमध्ये एका तरुणाशी बोलत बसला होता. ऐकणाऱ्यांना आठवतं ते एवढंच, की म्हाताऱ्याच्या बोलण्याला ईशान्येकडचा हेल होता आणि 'कामेदा' असं काहीतरी कानावर पडलं. या दोन धाग्यांवर इमानिशी देशभर हिंडतो. म्हणजे अख्खी कादंबरी एका हेलावर उभी आहे. इंग्रजी अनुवादात तो हेल आहे असं आपल्याला सांगितलं जातं, ऐकू मात्र येत नाही. इंग्रजीचा तरी काय इलाज, लंडनच्या पूर्वेकडची बोली त्या म्हाताऱ्याच्या तोंडी घातली असती तर ते हास्यास्पद झालं असतं. मराठीला हे जमण्यासारखं आहे. वऱ्हाडी, झाडीबोली, अहिराणी, मालवणी या बोली आपल्या कानांत जिवंत आहेत. कोण कुठला हे हेलावरून ओळखणं हा आपला एसटीतला रोजचा उद्योग. जपानी येणारा आणि मराठीचा कान असलेला अनुवादक हे दृश्य आपल्याला अक्षरशः ऐकवू शकेल.

तसंच अदबीचं. जपानीत कोण कोणाशी बोलतो यावर क्रियापदाचं रूप बदलतं. मराठीत तू, तुम्ही, आपण आहे, घरातल्या सुनेने सासऱ्याशी बोलायची रीत निराळी आहे. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम. भाचा एकदा फोनवर म्हणाला, "मावशी, तुझ्या पुस्तकात तो शिक्षक शेजारणीशी साधं बोलतो ना? इकडे तो इतक्या अदबीनं बोलतो की पहिल्याच भेटीत कळतं, हा तिच्यासाठी काहीही करील." ती कादंबरी केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स', २००५ ची. नवऱ्यापासून सुटका करून घेतलेली एक बाई, तिची मुलगी, शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक. खून कोणी केला हे पहिल्याच प्रकरणात सांगून टाकलेलं. तिला नाओकी पुरस्कार मिळाला आणि नंतर लेखकाने वाचकाशी न्यायाने खेळ खेळला की नाही यावर जपानी समीक्षकांत मोठा वाद झडला. आपल्याकडे सुजॉय घोष यांनी त्यावर 'जाने जान' हा सिनेमा २०२३ साली केला, टोकियोचं कालिम्पाँग करून. जयदीप अहलावत यांनी तो शिक्षक फार ताकदीने उभा केला. सिनेमा पाहून माझ्याकडे पुस्तक मागायला आलेले तरुण इंग्रजीला बिचकून परत गेले, याचं मला वाईट वाटतं. त्यांना मराठी प्रत देता आली असती तर ते वाचक झाले असते.

आता जपानमधल्या ओकायामा प्रांताविषयी. हे नाव नागपूर जिल्ह्याला परकं नाही. भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई मूळचे तिकडचेच, १९६० च्या दशकात भारतात आले आणि नागपूरचे झाले. दीक्षाभूमीवर जाणाऱ्या कोणाला त्यांचं नाव सांगावं लागत नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यानही ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. लोक रविवारी तिथे मुलाबाळांना घेऊन जातात, पुलावर उभं राहून मासे बघतात. याच ओकायामाच्या खेड्यापाड्यांत सेइशी योकोमिझो या लेखकाने जपानी रहस्यकथेतले सर्वांत गाजलेले खून घडवले. युद्धाच्या शेवटच्या काळात ते टोकियो सोडून तिथल्या एका खेड्यात राहायला गेले होते. गावकऱ्यांकडून घराण्यांच्या, भाऊबंदकीच्या, जुन्या वैरांच्या गोष्टी त्यांनी ऐकल्या आणि १९४६ साली 'द होनजिन मर्डर्स' लिहायला घेतली. तिचा इंग्रजी अनुवाद व्हायला २०१९ साल उजाडलं. अनुवादिका लुईस हील कावाई.

होनजिन म्हणजे जुन्या काळी सरदार मंडळी प्रवासात मुक्कामाला थांबत ती मानाची वास्तू. तशा वास्तूचं वतन असलेलं इचियानागी घराणं, १९३७ सालचा हिवाळा, थोरल्या मुलाचं लग्न. लग्नाच्याच रात्री, बाहेर बर्फ पडलेलं असताना, आतून बंद असलेल्या खोलीत नवरा-नवरी मरून पडलेली सापडतात. कोडं झकास आहे, पण मला धरून ठेवलं ते नवरीच्या माहेराने. तिचे वडील आणि काका तरुणपणी अमेरिकेत मजुरीला गेले, तिथे फळबागेचं तंत्र शिकले, परत येऊन त्यांनी ओकायामात बाग उभी केली. पैसा आला. मुलगी शिकून शिक्षिका झाली. तरी इचियानागींच्या लेखी ती कुळाचीच पोर. काका गिन्झो हा भला माणूस, पुतणीला स्वतःच्या लेकीसारखी वाढवलेला, तिच्या लग्नाला मोठ्या अभिमानाने आलेला. पुतणी गेल्यावर तोच तार करून कोसुके किंदाइची या विस्कटलेल्या केसांच्या तरुण गुप्तहेराला बोलावून घेतो.

काटोलच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचं कलम बांधून, आंबिया आणि मृग बहारांच्या हिशेबावर घर वर काढलेली माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. बाग किती मोठी यापेक्षा 'तुम्ही मूळचे कोणाकडे होते' हे विचारणारी माणसंही इथे आहेत. लंडन-न्यूयॉर्कच्या परीक्षकांनी या पुस्तकाचं कौतुक केलं ते बंद खोलीच्या कोड्यासाठी. जपानी खेड्यातली उतरंड त्यांच्या दृष्टीने पार्श्वभूमी होती. आपल्याकडच्या परीक्षकाने लिहायला हवं ते गिन्झोवर. इंग्रजी परीक्षण समोर ठेवून मराठी परीक्षण लिहिलं की नेमकं हेच निसटतं.

परीक्षकाचं आणखी एक काम असतं, जे आमच्या व्यवसायातल्या माणसाला चटकन दिसतं. कादंबरी ज्या कायद्यावर उभी आहे तो वाचकाला सांगणं. हिदेओ योकोयामा यांची 'सिक्स फोर' घ्या. मूळ २०१२ ची, जोनाथन लॉइड-डेव्हिस यांचा इंग्रजी अनुवाद २०१६ चा. सम्राट हिरोहितो ७ जानेवारी १९८९ ला वारले, म्हणून शोवा काळाचं चौसष्टावं वर्ष अवघं सात दिवसांचं झालं. त्या सात दिवसांत एका लहान मुलीचं अपहरण होऊन खून झाला. गुन्हेगार सापडला नाही. कादंबरी सुरू होते तेव्हा चौदा वर्षं उलटली आहेत आणि पोलीस खात्यात अचानक धावपळ उडते. का? कारण त्या वेळी जपानमध्ये खुनालाही पंधरा वर्षांची मुदत होती. ती संपली की गुन्हेगार समोर येऊन उभा राहिला तरी खटला नाही. पुढे मुदत पंचवीस वर्षं झाली आणि २०१० साली ती खुनापुरती रद्द झाली. आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ ची मुदत तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच होती. खुनाला आपल्याकडे कधीच मुदत नव्हती आणि नव्या संहितेतही नाही. मराठी वाचकाला हे ठाऊक नसेल तर 'आत्ताच एवढी घाई कशाला' हा प्रश्न त्याला शेवटपर्यंत छळेल. अनुवादाच्या सुरुवातीला अर्धं पान टिपण दिलं, किंवा परीक्षणात दोन वाक्यं लिहिली, की ती जाडजूड कादंबरी त्याच्यासाठी उघडते.

कबुलीजबाबाचंही तसंच आहे. जपानी रहस्यकादंबरीच्या शेवटी गुन्हेगार पोलिसासमोर बसतो आणि सगळं सांगून टाकतो. आमच्या कोर्टात बसलेला माणूस इथे थबकतो. आपल्याकडे पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ हेच सांगत होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. जपानमध्ये मात्र कबुलीला पुराव्यांत सर्वांत वरचं स्थान मिळत आलं आहे आणि आरोप ठेवण्याआधी संशयिताला तेवीस दिवसांपर्यंत अटकेत ठेवता येतं. मग त्या शेवटच्या प्रसंगाकडे आपण वेगळ्या नजरेने बघायला लागतो. लेखक तिथे पोलिसाला दयाळू दाखवतो, की त्याच्या हातातल्या सत्तेवर बोट ठेवतो? हा प्रश्न प्रत्येक जपानी रहस्यकादंबरीला विचारण्यासारखा आहे. हिगाशिनोंचा कागा हा डिटेक्टिव्ह मला त्यासाठी आवडतो. 'न्यूकमर'मध्ये तो निंग्योचो भागातल्या दुकानादुकानांत जाऊन लोकांची लहानसहान दुखणी ऐकत बसतो. कोणाला दरडावणं त्याच्या स्वभावातच नाही.

शेजारचे एक बागाईतदार मला भेटले की म्हणतात, "ताई, खून कोनं केला ते पयले सांगून टाका न, मंग वाचाचं का नाई ते पायतो." ते जे म्हणतात तेच आपल्या वृत्तपत्रांतली रहस्यकथांची परीक्षणं करतात. अर्धा स्तंभ कथानक, मग 'शेवटपर्यंत खिळवून ठेवणारी', मग पानं आणि किंमत. कधीकधी उत्साहाच्या भरात शेवटही सांगितलेला असतो. अनुवादकाचं नाव असलंच तर कंसात. अनुवाद मूळ भाषेतून आहे की इंग्रजीवरून, याचा उल्लेख क्वचितच. दूध गाईचं की पावडरचं हे गिऱ्हाईक विचारतं, तेवढा हक्क पुस्तकाच्या वाचकालाही आहे. इंग्रजीवरून केलेला अनुवाद वाईटच असतो असं मी म्हणत नाही. मधुकर तोरडमलांनी अगाथा ख्रिस्ती आणि भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणले, त्यांचे आपल्यावर उपकार आहेत, पण ती पुस्तकं मुळातच इंग्रजी होती. जपानी पुस्तक इंग्रजीवरून येतं तेव्हा मधल्या माणसाचं नाव आणि कामही दिसायला हवं. २०२५ चं इंटरनॅशनल बुकर पारितोषिक कन्नडमधून इंग्रजीत गेलेल्या पुस्तकाला मिळालं, तेव्हा लेखिका बानू मुश्ताक आणि अनुवादिका दीपा भास्ती यांना रक्कम समसमान वाटून मिळाली. शेजारच्या राज्यातली गोष्ट आहे.

शेवट न सांगता परीक्षण करता येतं का, असं मला विचारतात. येतं, कारण चांगल्या रहस्यकादंबरीत शेवटाशिवाय पुष्कळ काही असतं. मियुकी मियाबे यांची 'ऑल शी वॉज वर्थ' ही १९९२ ची कादंबरी. एक तरुणी अचानक नाहीशी होते आणि गुडघ्याला दुखापत होऊन रजेवर असलेला पोलीस तिला शोधू लागतो. शोध पोचतो क्रेडिट कार्डांपाशी, कर्जांपाशी, दिवाळखोरीपाशी. मध्ये एक वकील त्या पोलिसाला समजावून सांगतो, की कर्जात बुडालेली माणसं उधळी असतात हा समज चुकीचा आहे. बहुतेक जण सरळमार्गी आणि भित्रे असतात, एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरं कर्ज काढत जातात. ते पान वाचताना मला आमच्या कोर्टातले कलम १३८ चे, न वटलेल्या धनादेशांचे गठ्ठे दिसत होते. तारखेला येणाऱ्या बाया, पदराआड घडी घालून आणलेली पासबुकं, गटाचं कर्ज, त्यावर दुसऱ्या कंपनीचं कर्ज. विदर्भात कर्ज म्हटलं की आपण आत्महत्येच्या आकड्यांवर बोलतो. कर्जाने माणसाचं नाव, ओळख, गाव कसं सुटत जातं यावर मराठीत एक ताकदीची रहस्यकादंबरी व्हायला हवी होती. मियाबेबाईंचं पुस्तक मराठीत आलं असतं आणि त्यावर कोणी चार कॉलम लिहिलं असतं, तर एखाद्या तरुण लेखकाला ते सुचलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

नात्सुओ किरिनो यांची 'आउट' तर बायकांनी वाचावीच. रात्रपाळीला डबे भरणाऱ्या कारखान्यातल्या चौघी जणी. त्यांतली एक नवऱ्याला मारते आणि बाकीच्या तिला निस्तरायला मदत करतात. पुस्तक भयंकर आहे, काही पानं मला मिटून ठेवावी लागली. पण पट्ट्यावरून पुढे सरकणारे डबे, थंडगार हॉल, पहाटे घरी जाऊन पुन्हा स्वयंपाक, हे इतक्या खरेपणाने लिहिलेलं आहे की पुढच्या खुनापेक्षा त्याचीच धास्ती वाटते.

सगळंच जपानी चांगलं असं नाही. बंद खोल्या आणि नकाशे यांच्या कोड्यांत रमणारी एक शाखा आहे. युकितो आयात्सुजी यांची १९८७ ची 'द डेकॅगॉन हाउस मर्डर्स' तिच्यातली नावाजलेली. कॉलेजची मुलं एका बेटावर जातात आणि एकेक करून मरतात, त्यांनी एकमेकांना एलरी, अगाथा अशी जुन्या लेखकांची नावं ठेवलेली आहेत. कोडं चोख आहे, मुलं मात्र बुजगावणी. कोणी मेलं तरी जिवाला काही होत नाही. हिगाशिनोंच्याही काही कादंबऱ्यांतल्या बायका पुरुषांच्या नजरेतूनच दिसतात. परीक्षकाने हेही म्हटलं पाहिजे. परक्या देशातून आलंय, पुरस्कार मिळालाय, म्हणून हात जोडायचे नाहीत.

घरच्या रहस्यकथांचं मात्र आपल्याकडे उलटंच झालं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. काळापहाड आणि धनंजय या त्यांच्या नायकांवर एक पिढी वाचायला शिकली, गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर पुढच्या पिढ्यांनी वाचले. वाचनालयाच्या कपाटात सर्वांत जास्त फाटलेली पुस्तकं याच लेखकांची असत. पण समीक्षेने त्यांना दारात उभं केलं नाही. जपानी वृत्तपत्रांनी रहस्यकथेला असं दूर ठेवलं नाही. कुरोइवा रुइको या पत्रकाराने १८८० च्या दशकात युरोपातल्या रहस्यकादंबऱ्या जपानी वाचकांना रुचतील अशा बेतून दैनिकांत क्रमशः छापायला घेतल्या, १८८९ साली स्वतःची रहस्यकथा लिहिली आणि १८९२ साली दैनिक काढून तिथेही हा उद्योग चालू ठेवला. त्याची पुस्तकं वाचत राम्पो लहानाचे मोठे झाले. राम्पोंनी कथा तर लिहिल्याच, शिवाय परदेशी रहस्यकथांवर निष्ठेने समीक्षाही लिहिली. स्वतःच्या कथांच्या इंग्रजी अनुवादासाठी ते जेम्स हॅरिस यांच्याबरोबर कित्येक वर्षं बसले. हॅरिसना जपानी बोलता येई पण वाचता येत नसे, राम्पोंना इंग्रजी वाचता येई पण बोलता येत नसे. एकेक वाक्य वाचून, समजावून, पुन्हा तपासून ते पुस्तक १९५६ साली निघालं.

इतके कष्ट घेतलेल्या या माणसाच्या कथा मराठीत आणायला आज कायद्याची कसलीही आडकाठी नाही. राम्पो २८ जुलै १९६५ ला वारले. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे तो ३१ डिसेंबर २०२५ ला संपला. जपानमध्ये तर तो त्याआधीच, २०१५ च्या अखेरीला संपलाय आणि मूळ जपानी कथा आओझोरा बुनको या संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवल्या आहेत. इंग्रजी अनुवादांचे हक्क मात्र अनुवादकांचे आणि प्रकाशकांचे आहेत. तेव्हा इंग्रजीवरून मराठी करायची तर परवानगी लागेल, जपानीवरून करायला कोणाचीच लागणार नाही. पुण्यात जपानी शिकलेल्यांची संख्या मोठी आहे. बहुतेक जण कंपन्यांची कागदपत्रं उलटीपालटी करण्यात दिवस घालवतात. त्यांच्यातल्या ज्यांना मराठी लिहिता येतं, त्यांनी राम्पोंच्या १९२३ सालच्या पहिल्या कथेपासून सुरुवात करावी. चपलांच्या दुकानावरच्या खोलीत राहणारे दोन कफल्लक तरुण आणि एक तांब्याचं नाणं, एवढ्यावर ती उभी आहे.

दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे, की यंदा एक तरी जपानी रहस्यकथा थेट जपानीवरून करून घ्या. अनुवादकाचं नाव लेखकाच्या नावाइतक्याच मोठ्या टाइपात छापा आणि त्याला मानधन द्या. पुरवण्यांच्या संपादकांनी त्या कथेवर परीक्षण मागवावं, निदान हजार शब्दांचं. जपानी येणारा परीक्षक मिळाला नाही तर मला कळवा, माझा भाचा तयार आहे.